आधी मूळ गाणी, मग तिकिटांचा हिशेब

ताई, आम्ही मिनिॲपोलिसजवळ राहतो. माझा तेरा वर्षांचा मुलगा 'वियर्ड ॲल' यांकोविच या कलाकारामागे वेडा आहे. हा माणूस अकॉर्डियन वाजवतो आणि गाजलेल्या गाण्यांच्या चालीवर गमतीची गाणी म्हणतो. ऑगस्टअखेर इथल्या स्टेट फेअरमध्ये, म्हणजे राज्याच्या मोठ्या जत्रेत, त्याचा कार्यक्रम आहे. मुलानं हट्ट करून आमच्या तिघांची तिकिटं काढायला लावली. नंतर सासू-सासऱ्यांचं यायचं ठरलं. सासरे निवृत्त शिक्षक, गाव पुसेगावजवळ, घरची शेती. नवरा म्हणतो, आणखी दोन तिकिटं काढू, त्यांना घरी ठेवून जाणं बरं दिसत नाही. सासरे म्हणतात, सोंगाड्याची गाणी ऐकायला एवढे डॉलर? गावच्या जत्रेत आम्ही तमाशा फुकट बघितला. मुलगा म्हणतो, आजोबा येणार असतील तर मी येत नाही, ते प्रत्येक ओळीचा अर्थ विचारत बसतील. आणि आई, खरं तर तूही नको, तुलाही काही कळत नाही. हे मला फार लागलं. पण मला खरंच कळत नाही. शिवाय त्याला आता पेटीचा क्लास सोडून अकॉर्डियन शिकायचंय. मी काय करू?
— मधल्यामध्ये, मिनेसोटा

प्रिय मधल्यामध्ये,

मुलगा उद्धटपणे बोलला, पण खोटं बोलला नाही. कळत नाही असं तुम्हीच लिहिलंय. फक्त ते न कळणं म्हणजे तुमच्यात काहीतरी कमी आहे, असं त्यानं धरलंय आणि तुम्हीही मुकाट्यानं मान्य केलंय. तसं काही नाही. तुम्ही मूळ गाणी ऐकलेली नाहीत, एवढंच.

सासरे शिक्षक होते हे बरं झालं, त्यांच्यापासूनच सुरुवात करू. आचार्य अत्र्यांनी 'केशवकुमार' या नावानं विडंबनं लिहिली आणि 1925 साली 'झेंडूची फुले' हा संग्रह काढला. केशवसुतांच्या 'आम्ही कोण?' या कवितेची त्यात केलेली फिरकी मास्तरांना बहुतेक तोंडपाठ असेल. एका संध्याकाळी जेवताना ती त्यांना म्हणायला लावा. तुम्ही हसाल, सासूबाई हसतील आणि तुमचा मुलगा ढिम्म बसून राहील. केशवसुत कोणत्या तोऱ्यात बोलले होते हेच त्याला माहीत नाही, तर तो तोरा उतरवल्याची गंमत त्याला कुठून येणार? 'तुला काहीच कसं कळत नाही रे?' असं नातवाला विचारायची संधी आजोबांना मिळू द्या. घरातला निम्मा ताण तिथेच उतरेल, आणि हा माणूस स्टेजवर काय करतो हेही मास्तरांना न समजावता समजेल.

आता तुमचा अभ्यास. शिक्षक तुमचा मुलगा, वर्ग गाडीत. आधी मूळ गाणं, लगेच त्याची नक्कल, या क्रमानं. सगळी नाही, कार्यक्रमात येण्यासारखी सात-आठ गाणी त्यालाच निवडू द्या. 'तू निवड, मला शिकव' हे ऐकल्यावर नाही म्हणणारा तेरा वर्षांचा मुलगा मला अजून भेटायचाय.

पहिला धडा मी सांगते. तुम्ही चाळिशीच्या आसपास आहात असं धरते. म्हणजे 1 नोव्हेंबर 1996 ला मायकेल जॅक्सन अंधेरीच्या क्रीडासंकुलात नाचून गेला, तेव्हा तुम्ही शाळेत होतात. त्याचं 'बीट इट' तुमच्या कानावरून गेलेलं असणारच. ते गाणं मारामारीत पडू नकोस, मर्दानगी दाखवायला जाऊ नकोस, निघून जा, असं बजावणारं. यांकोविचनं 1984 मध्ये त्याचं 'ईट इट' केलं. ताल तोच, गिटार तशीच, व्हिडिओतल्या गल्ल्या आणि टोळ्याही त्याच. फक्त इथे कुणीतरी ताटासमोर नखरे करणाऱ्या पोराला जेव म्हणून खडसावतंय. हे आवडत नाही ते आवडत नाही चालणार नाही, जगात पोरं उपाशी आहेत, टाकू नकोस, जेव. बाई, हे गाणं तुम्ही रोज संध्याकाळी सात वाजता मराठीतून म्हणता! यात न कळण्यासारखं काय आहे?

दुसरा धडा 'निर्वाणा' या बँडचा. 1991 च्या शेवटी त्यांचं एक गाणं तुफान चाललं. गायक कर्ट कोबेन इतका ओढून, खरवडून गायचा की इंग्रजी मातृभाषा असलेल्यांनाही शब्द लागत नव्हते. कोबेन टीव्हीच्या एका कार्यक्रमासाठी स्टुडिओत आलेला असताना यांकोविचनं त्याला तिथे फोनवर गाठलं आणि परवानगी मागितली. कोबेननं विचारलं, हेही खाण्यापिण्यावरच असणार का? यांकोविच म्हणाला, नाही, तुझे शब्द कुणाला कळत नाहीत यावर आहे. कोबेननं होकार दिला. त्या गाण्यात मधेच यांकोविच चक्क गुळण्या करत गातो. तेव्हा हे गाणं सुरू झालं की बिनधास्त बसा. शब्द न कळणं हाच त्यातला विनोद आहे आणि त्या तीन-चार मिनिटांत ग्रँडस्टँडवरचे, म्हणजे जत्रेतल्या त्या उघड्या प्रेक्षागारातले, सगळे प्रेक्षक तुमच्याच रांगेत असतात.

परवानगीची ही गोष्ट मास्तरांच्या कानावर जरूर घाला. दुसऱ्याच्या गाण्याची टिंगल करून पैसे कमावतो, ही त्यांची खरी अढी असावी असं मला पत्रावरून वाटतं, डॉलरचं निमित्त. अमेरिकेच्या कायद्यात विडंबनाला बरीच मोकळीक आहे, तरी हा माणूस मूळ कलाकाराला विचारतो आणि नाही म्हटलं तर सोडून देतो. एकदा घोटाळा झाला होता. 1996 च्या 'अमिश पॅराडाइज'ला रॅपर कुलिओची संमती आहे असं त्याला रेकॉर्ड कंपनीकडून कळलं होतं, पण कुलिओ म्हणाला मी दिलीच नव्हती. पुढे दोघांचं जमलं, पण तेव्हापासून यांकोविच मधल्या माणसांच्या भरवशावर राहत नाही, शक्यतो कलाकाराशी स्वतः बोलतो. आणि तुम्ही मिनिॲपोलिसच्या, म्हणून हेही सांगते: त्याला कायम नकार देणारा सगळ्यात मोठा गायक तुमच्याच गावचा. प्रिन्स. दर वेळी विचारलं, दर वेळी नाही. त्यामुळे प्रिन्सच्या गाण्याचं विडंबन त्याच्या एकाही अल्बमवर नाही.

मुलासाठी एक सूचना आहे, ती मात्र त्याला आधीच सांगून ठेवा. कोणता दौरा आहे ते तपासायला सांगा. 2018 आणि 2022 साली यांकोविचनं जे दौरे काढले त्यांत वेषांतरं नव्हती, पडदा नव्हता आणि गाजलेली विडंबनंही जवळपास नव्हती. खुर्च्यांवर बसून स्वतःची कमी माहीत असलेली गाणी तो वाजवायचा. जुने चाहते खूश; पण 'फॅट' या गाण्यातला तो अगडबंब फुगीर पोशाख बघायला आलेल्या मुलाचा हिरमोड होईल. एरवीच्या मोठ्या कार्यक्रमात गाण्यागणिक कपडे बदलतात, बदलेपर्यंत पडद्यावर त्याच्या जुन्या फिती चालतात, आणि शेवटी 'स्टार वॉर्स'वरची गाणी आली की पांढऱ्या चिलखतातले शिपाई स्टेजवर येतात. तुमचं काम इतकंच की यातलं काहीही चालू असताना त्याच्या कानाशी लागून 'हे कोण?' म्हणायचं नाही. हसू आलं तर हसा. नाही आलं तर हसू नका. बळेबळे हसणारी आई मुलाला लांबून ओळखू येते आणि त्याची त्याला न हसणाऱ्या आईपेक्षा जास्त लाज वाटते. प्रश्न परतीच्या वाटेवर विचारा. तेव्हा तोच थांबणार नाही.

म्हणजे तुम्ही जायचं. हे ठरलं.

आता सासू-सासरे. तुमच्या नवऱ्याचं 'बरं दिसत नाही' हे कुणाला बरं दिसत नाही, ते मला कळलं नाही. मास्तर स्वतः नको म्हणताहेत, नातू नको म्हणतोय, मग दोन तिकिटांचे पैसे भरून सगळ्यांनी एकत्र कंटाळायचं कशासाठी? परदेशात आई-वडील आले की प्रत्येक ठिकाणी पाचही जणांनी एका रांगेत हिंडायचं, हा आपल्याकडचा हट्ट मला कधीच पटला नाही. त्यात म्हातारी माणसं दमतात, मुलं चिडतात आणि सुनेला कुठेच धड बघता येत नाही.

पण एक चूक करू नका. कार्यक्रम नको म्हणाले म्हणून जत्राच नको, असं त्यांच्या वतीनं ठरवून टाकू नका. मिनेसोटाची ही जत्रा 1859 पासूनची, मुळात शेतकऱ्यांची. लेबर डेला (सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी) संपणारे बारा दिवस, तीनशे बावीस एकरांचं आवार. गाणी आणि पाळणे नंतर आले. आधी गुरं, पिकं आणि अवजारं होती. ज्यानं पुसेगावला सेवागिरी महाराजांच्या यात्रेत नोटांनी मढलेला रथ पाहिलाय आणि खिल्लार बैलांच्या बाजारात दावणीला उभं राहून शिंगं-खूर पारखलेत, त्याला इथे काय बघायचं हे शिकवावं लागणार नाही. त्यांना आठवड्याच्या मधल्या एखाद्या वारी, सकाळी लवकर, वेगळ्या दिवशी घेऊन जा. गेटचे पैसे दुसऱ्यांदा पडतील. ज्येष्ठांना तिकीट कमी असतं. त्या दिवशी सोबत नवऱ्यानं जावं. रजा टाकावी लागली तर टाकावी. त्यांचेच वडील आहेत.

सकाळी थेट गोठ्यांकडे जाऊ दे. तुमच्या मुलाच्या वयाची शेतकऱ्यांची पोरं तिथे स्वतःची गाय घेऊन आलेली असतात. स्पर्धेआधी ती गाय शाम्पूनं धुतात, मोठ्या ब्लोअरनं तिचे केस वाळवतात, मग पाठीवरून ब्रश फिरवत एकेक केस उभा करतात. गाय डोळे अर्धे मिटून उभी. पोरगं घामाघूम. मास्तर तिथून दोन तास हलले नाहीत तर मला नवल वाटणार नाही. इंग्रजी यावं लागत नाही. दूध किती देते, हे हातवाऱ्यांनी विचारता येतं. एका इमारतीत गाभण गायी, शेळ्या, डुकरिणी ठेवतात आणि लोकांदेखत त्यांची बाळंतपणं होतात, त्याला गर्दी असते. एवढंच लक्षात असू द्या की काही जनावरं तिथे दुधासाठी नाही, मांसासाठीच वाढवलेली असतात. ते त्यांना घरूनच सांगून ठेवायचं की विचारल्यावर, हे तुम्ही ठरवा. सासूबाईंना बहुधा आधी सांगितलेलं बरं.

सासूबाईंसाठी डेअरीची इमारत. तिथे काचेच्या थंडगार, फिरत्या खोलीत डेअरी राजकन्येच्या स्पर्धेतली एक मुलगी कोट-हातमोजे घालून बसते आणि शिल्पकार नव्वद पौंडांच्या, म्हणजे सुमारे एकेचाळीस किलोंच्या लोण्याच्या ठोकळ्यातून तिचं डोकं कोरतो. दिवसचे दिवस हे चालतं. एकेचाळीस किलो लोणी कढवलं तर तूप किती, हा हिशेब सासूबाई तिथेच करतील. करू द्या.

खाण्याचं थोडक्यात: भाजलेलं कणीस, ताजे तळलेले बटाटे, छोटे डोनट, चॉकलेटचे तुकडे घातलेल्या गरम कुकीजची बादली, एवढ्यावर शाकाहारी माणसाचं भागतं. काडीला लावून तळलेला, पिठात घोळलेला जो लांबट प्रकार जिथेतिथे दिसेल त्याच्या आत सॉसेज असतं. चीज कर्ड्समध्ये (चीजच्या तळलेल्या गोळ्यांत) बहुतेक चीजसारखं रेनेट, म्हणजे वासराच्या पोटातून काढलेलं दूध गोठवायचं द्रव्य, असू शकतं, कडक पाळणाऱ्यांनी विचारावं. तळणाचं तेल वेगळं असेल अशी आशा करू नका. यांकोविच स्वतः 1992 पासून मांस खात नाही, ही बातमी सासूबाईंपाशी त्याचं वजन वाढवायला उपयोगी पडेल.

एवढं होऊन, अत्रे-केशवसुतांचा तो खेळ झाल्यावर, मास्तर आपणहून म्हणाले की मलाही बघायचाय तुझा तो पेटीवाला, तर एक तिकीट काढा. जागा शेजारची मिळाली नाही तर उत्तमच. आजोबांना अर्थ सांगायचं काम घरी आल्यावर नवऱ्याकडे, आणि नातू चार रांगा पुढे मोकळा. पण हे त्यांच्या तोंडून येऊ द्या. तुम्ही सुचवलंत तर ते सुनेचं मन मोडू नये म्हणून येतील आणि अडीच तास घड्याळ बघतील.

पेटीचं. इथे मी मुलाच्या बाजूनं आहे, पण पूर्ण नाही. अकॉर्डियनच्या उजव्या हाताला पेटीसारख्याच पट्ट्या असतात, भाता इथेही हातानंच. डावा हात नवा: तिथे बटणं असतात, बास (खर्जाचे सूर) आणि कॉर्ड (एकदम वाजणारे सूर) यांसाठी, आणि ती न बघता वाजवावी लागतात. शिवाय वाद्य छातीवर, वजन खांद्यावर. पेटीवर जे बोट बसलंय ते वाया जाणार नाही. त्याला सांगा, वर्षअखेरीपर्यंत पेटी चालू ठेव, अकॉर्डियन भाड्यानं आणू. लगेच विकत घेऊ नका, चांगलं अकॉर्डियन महाग असतं. मिनेसोटात जर्मन, चेक, पोलिश लोकांमुळे पोल्का या नाचगाण्याचा नाद जुना आहे, शिकवणारं कुणी म्हातारं माणूस सापडेल. यांकोविचही असाच शिकला: दारोदार फिरणारा विक्रेता आला, गिटार की अकॉर्डियन असा सवाल होता, आणि सातव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी त्याची पहिली शिकवणी झाली. आई-वडिलांनी अकॉर्डियन निवडलं, त्यात फ्रँकी यांकोविच नावाचा पोल्काचा बादशहा आपल्याच आडनावाचा आहे, हेही एक कारण होतं. नातं काही नव्हतं.

आणि 'मुलगा वाया तर जाणार नाही ना' असं तुम्ही लिहिलं नाहीत, पण ओळींमधून डोकावतंय. हा सोंगाड्या सोळाव्या वर्षी वर्गात पहिला येऊन शाळेतून बाहेर पडला आणि आर्किटेक्चरचा पदवीधर झाला. पहिलं गाजलेलं गाणं त्यानं कॉलेजच्या रेडिओ स्टेशनसमोरच्या बाथरूममध्ये रेकॉर्ड केलं, कारण तिथे आवाज चांगला घुमायचा. 2014 साली, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षात, त्याचा अल्बम बिलबोर्ड या अमेरिकी मासिकाच्या खपाच्या यादीत थेट पहिल्या क्रमांकावर आला. पाच ग्रॅमी आहेत. नवऱ्याला सांगायला एवढं पुरे.

कार्यक्रमाच्या दिवसाचं. ग्रँडस्टँडच्या तिकिटात जत्रेचं गेट धरलेलं नसतं, ते वेगळं काढायचं, आधी काढलं तर स्वस्त. गाडी न्यायच्या भानगडीत पडू नका. शहरातल्या ठरलेल्या जागी गाडी लावून फुकट बसनं जा. बसायची जागा उघड्यावर आहे, म्हणून छत्रीऐवजी रेनकोट, छत्री मागच्याच्या डोळ्यांपुढे येते. ऑगस्टअखेरच्या रात्री तिकडे गारवा उतरतो, शाल असू द्या. फोमचे कानातले बोळे खिशात ठेवा, मोठ्या स्पीकरसमोर दोन तास म्हणजे गंमत नाही. शो सुटताना सगळेच फोन काढतात, तेव्हा लागेलच असं नाही. चुकामूक झाली तर भेटायची जागा आत शिरतानाच बोट दाखवून ठरवा.

आणि त्याचे चाहते फुलाफुलांचे हवाई शर्ट घालून जातात, तेही जाता जाता सांगते. मुलानं तुम्हाला घालायला सांगितला तर घाला. नाही सांगितला तर आपण होऊन घालू नका.